अकरापैकी सहा

आमच्या जिल्हा हॉकी मंडळाच्या गौरव दालनात सतरा फोटो आहेत आणि त्यातला एक माझा आहे. फोटोखाली पितळी पाटी, पाटीवर नाव, खेळल्याची वर्षं आणि गोल. मनिष, सेंटर फॉरवर्ड, २००० ते २००३, गोल अकरा. भंडाऱ्यातल्याच कारागिराने केलेली पाटी आहे, चांगली चकचकीत. गेली तीन वर्षं मी त्या दालनात मान खाली घालून शिरतो आणि लोकांना वाटतं, माणूस किती नम्र.

नम्र कसला डोंबलाचा. त्या अकरातले पाच गोल माझे नाहीत. ते तेजरामचे आहेत. आणि ज्या तेजरामचे आहेत त्याचा अर्ज हेच मंडळ दोनदा फेकून देतं, कारण काय, तर त्याचे गोल कमी भरतात. हे आठवलं की आजही माझ्या डोक्यात जाळ होतो. अर्धा जाळ मंडळाच्या नावाने, अर्धा माझ्याच.

नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसताच चिडतो.

नव्याण्णव साली भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, गोंदिया वेगळा झाला. लोक बोलत होते कचेऱ्यांबद्दल, फायलींबद्दल, कोणता साहेब कुठे जाणार त्याबद्दल. आमच्यासाठी एकच गोष्ट झाली, हॉकी गोंदियाला गेली. जुन्या संघातले जवळपास सगळे खेळाडू तिकडचे होते. भंडाऱ्याच्या वाट्याला आला एक राखीव गोलकीपर आणि आसगावचा तेजराम, सेंटर हाफ. सेंटर हाफ म्हणजे मैदानाच्या ऐन मधोमध उभा राहणारा. मागून आलेला बॉल घ्यायचा आणि पुढच्याला असा द्यायचा की त्याला फक्त मारायचं काम उरावं. सगळा खेळ त्याच्या हातून जातो आणि टाळ्या पुढच्याला पडतात.

तेजरामने संघ उभा केला तो एसटीने फिरून, आणि कप्तानही तोच झाला. साकोलीचा एक, तुमसरचे दोन, आंबागडचा एक जंगलकामावरचा पोरगा, भंडाऱ्याचा मी. आम्हाला खेळ त्यानेच शिकवला, आणि त्याला शिकवला त्याच्या बापाच्या बांधीने. धान कापून झालं की आसगावची पोरं रिकाम्या बांध्यांत खेळायची. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, असलेला धानाचा तुकडा, मोठ्या अंगणाएवढा. त्यात पळायला जागा नाही. खाली धसकटं, त्यामुळे नजर जमिनीवरून काढता येत नाही. बॉल हळू मारला तर धसकटात मरतो, जोरात मारला तर धुऱ्यावरून उडून शेजारच्या बांधीत जातो. तिथे दहा वर्षं खेळलेल्या माणसाला मान वर न करता कळायचं की कोण कुठे पोचणार आहे. आम्ही पोचायचो आणि बॉल तिथे आधीच आलेला असायचा. आम्ही मूर्ख, आम्हाला वाटायचं आपण किती बरोबर जागी पोचतो.

दोन हजार तीनच्या हंगामात खेळाडूंसाठीच्या एका सरकारी जागेची जाहिरात निघाली. जागा एक, लिपिकाची. शेवटच्या फेरीत उरलो मी आणि बाहेरच्या जिल्ह्यातला एक फॉरवर्ड. निवड हंगाम संपल्यावर होणार होती आणि गोलांचा आकडा पाहणार होते. माझे होते सहा, त्याचे आठ. माझा बाप त्या वर्षी अंथरुणावर होता आणि घरात मिळवतं कोणी नव्हतं. मी सरावाला यायचो तो तोंड पाडूनच.

तेव्हा तेजराम मला म्हणाला, "आता पेनल्टी कॉर्नरले तू गोलापुढं जाऊन उभा राय. बाकी मी पायतो."

पेनल्टी कॉर्नर आमच्या संघात तेजरामच मारायचा. त्याचा फटका सरळ गोलाच्या मागच्या फळीवर बसायचा, खाडकन आवाज यायचा. मी गोलापुढे स्टिक खाली टेकवून उभा राहायचो आणि बॉल माझ्या बाजूने, कधी वीतभर, कधी हातभर अंतरावरून आत जायचा. सामना संपला की तेजराम गुणलेखकाच्या टेबलावर जायचा आणि म्हणायचा, "नऊ नंबरची स्टिक लागली." नऊ नंबर मी. शेवटी ज्याची स्टिक लागली त्याचा गोल, असा नियम आहे. कप्तान सांगतोय म्हटल्यावर कोण कशाला वाद घालेल. गुणलेखक सामन्याच्या गुणपत्रिकेवर नऊ लिहायचा, खाली कप्तानाची सही व्हायची. एका हंगामात पाच वेळा हे झालं. एकदाही माझी स्टिक लागली नव्हती.

मला नोकरी लागली. मी आसगावला पेढे घेऊन गेलो. तेजराम म्हणाला, "माया घरी धान हाय, तुया घरी काय हाय बे." आणि एक पेढा खाल्ला. त्यानंतर वीस वर्षं आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही. त्याने काढला नाही कारण तो तसा माणूस आहे. मी काढला नाही कारण मला सोयीचं होतं.

आता मंडळाबद्दल. अध्यक्ष तुलारामजी. या माणसाने आयुष्यात हॉकी स्टिक धरली ती फोटोपुरती, आणि तीही उलटी. दालनाची कल्पना त्यांचीच, नियम त्यांचेच. नियम असा की किमान दहा गोल पाहिजेत. कोणीतरी विचारलं, गोलकीपरचं काय. मग गोलकीपरसाठी अडवलेल्या फटक्यांचा नियम जोडला. मधे खेळणाऱ्यासाठी काही नाही. मधे कोणी खेळतं हेच त्यांच्या गावी नव्हतं. आणखी एक कलम घुसडलं, तीनदा नामंजूर झालेला अर्ज पुन्हा घेतला जाणार नाही. म्हणे कटकट नको.

तेजरामने पहिल्या वर्षी अर्ज केला. गोल दोन, नामंजूर. दुसऱ्या वर्षी केला. गोल दोनच, नामंजूर. तो एकदा मला पवनीच्या बाजारात भेटला तेव्हा मी उगाच म्हणालो, जाऊ दे ना, काय आहे त्या दालनात. तो म्हणाला, "तुया फोटो हाय तिथं, म्हून तू म्हनू शकते. मले पायजे. मी खेळलो ना. गावातले पोट्टे म्हनतेत, हा मानूस स्टिका उचलाले जात होता. मले पायजे म्हंजे पायजे."

असं सरळ मागणारा माणूस मला आवडतो. त्याच्या जागी मी असतो तर मलाही हवंच होतं.

यंदा मंडळाने मला निवड समितीवर घेतलं. अर्ज तेजरामचा तिसरा आणि शेवटचा. मी मनाशी ठरवून गेलो होतो की या वेळी गप्प बसायचं नाही. काय बोलायचं ते मात्र ठरवलं नव्हतं. तिथेच माती खाल्ली.

रविवारी सकाळी बैठक. समितीचे आम्ही चौघं, चहा, बिस्किटं. मंडळाचं लिहिण्या-वाचण्याचं काम करणारी खुशबू अर्ज वाचत होती. तिने तेजरामचा कागद उचलला. छापील फॉर्मवर गोलाच्या रकान्यात दोन लिहिलं होतं. खाली त्याने हाताने लिहिलं होतं :

"मी सेंटर हाफ होतो. माझं काम गोल मारणं नव्हतं, दुसऱ्याच्या हातून होईल असं करणं होतं. सहा वर्षांत आपल्या जिल्ह्याचे जितके गोल झाले त्यातले बरेच माझ्या पासवर झाले, पण पास कुठं लिहीत नाहीत. म्हणून एकच सांगतो. आपल्या दालनात मनिषच्या नावावर अकरा गोल आहेत. त्यातले सहा माझ्या पासवर झाले. त्याला विचारावे. तो आता समितीवर आहे असं कळलं."

अकरापैकी सहा. मी ऐकलं आणि माझी कानशिलं तापली. उरलेले पाच त्याने तसेच सोडून दिले होते. त्या पाचांचं नाव काढलं असतं तर त्याच्या दोनाचे सात झाले असते आणि माझी नोकरी धोक्यात आली असती. हा माणूस शेवटच्या अर्जातसुद्धा मला झाकून घेत होता.

तुलारामजी हसले. "पास म्हणजे काय हो शेवटी? बॉल आपल्याजवळ होता तो दुसऱ्याला दिला. म्हणजे स्वतः काही केलं नाही असंच ना?" बाकीचे दोघं हसले. ते पुढे म्हणाले, "आणि पुरावा काय? गुणपत्रिकेवर पासाचा रकाना आहे का? उद्या कोणीही येईल आणि म्हणेल, त्या गोलाच्या वेळी मी टाळी वाजवली." मग माझ्याकडे वळले. "त्याला विचारावे म्हणतो. बोला मनिषभाऊ, तुम्हाला विचारावं का?"

गंमत म्हणून विचारलं होतं. बिस्किट हातात होतं त्यांच्या. ते बिस्किट पाहूनच माझं डोकं सटकलं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "विचारा ना. गोल गोल करून राहिले ना तुम्ही, मग गोलच ऐका. माझ्या अकरातले पाच गोल त्याचे आहेत. पेनल्टी कॉर्नर त्याने मारले, माझी स्टिक एकदाही लागली नाही. मला नोकरी लागावी म्हणून त्याने ते माझ्या नावावर लिहायला लावले. तीन सालच्या पाच गुणपत्रिका काढा कपाटातून. त्याचे दोन आणि हे पाच, सात होतात. माझे सहाच उरतात. माझा फोटो काढा आणि त्याचा लावा."

मला वाटलं मी मोठा तीर मारला. छाती हलकी झाली होती. वीस वर्षांची घाण एका दमात बाहेर पडली. मला वाटलं, आता यांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

तुलारामजींनी बिस्किट बशीत ठेवलं. घाई केली नाही. खुशबूला म्हणाले, "मनिषभाऊ बोलले ते लिहू नको." मग खरंच कपाटातून गुणपत्रिका काढायला लावल्या. पाच कागद टेबलावर पसरले. प्रत्येकावर गोलापुढे नऊ नंबर, प्रत्येकाखाली तेजरामची सही.

"सही कोणाची आहे?"

"कप्तानाची," मी म्हणालो.

"म्हणजे अर्जदाराची. म्हणजे अर्जदाराने खोट्या कागदावर सही केली, असं तुमचं म्हणणं."

"माझ्यासाठी केली."

"कोणासाठी का असेना. तुमची तर कुठे सही नाही. तुमच्या नावापुढे कागदावर अकरा आहेत, ते अकराच राहतील. आम्ही कागदाने चालतो. तुमच्या नोकरीचं आम्हाला काही करायचं नाही, तुम्ही आमचे आहात." मग ते खुशबूकडे वळले. "लिही. अर्जदाराने सही केलेल्या गुणपत्रिकांबाबत समितीच्या एका सदस्याने शंका घेतल्यामुळे अर्जदार दालनासाठी अपात्र ठरत आहे. अर्ज तिसऱ्यांदा नामंजूर. पुढे घेऊ नये."

मी ओरडलो. हो, ओरडलोच. म्हणालो, कागद खोटा असेल तर माझे गोलही खोटे, कागद खरा असेल तर त्याने काय पाप केलं. दोन्ही बाजूंनी तोच कसा मरतो ते समजवा मला. तुलारामजी म्हणाले, "शांत व्हा, बीपी वाढेल." तिघांनी हात वर केले. खुशबूने लिहिलं. लिहिताना तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेत राग होता की कीव, मला समजलं नाही. मी समितीचा राजीनामा तिथेच लिहून त्यांच्या चहाच्या कपाखाली सरकवला. तुलारामजींनी तो घडी करून खिशात ठेवला, आभारही मानले. हलकट माणूस.

आसगावला मी तसाच निघालो, मोटरसायकलने, अड्याळवरून. रस्ताभर मी तुलारामजींना शिव्या देत होतो. हेल्मेटच्या आत मोठ्याने. तेजरामला काय सांगायचं तेही घोकत होतो. की मी सगळं बोललो, नोकरीची पर्वा केली नाही, यांनीच बेइमानी केली. खरं सांगायचं तर मला वाटत होतं तो मला मिठी मारेल. निदान म्हणेल, तू तरी बोललास.

घरी बेबीबाई होत्या, तेजरामची बायको. म्हणाल्या, "बांधीत हायेत. उन्हाळी धानासाठी धुरा चढवून राह्यले. काय झालं भाऊजी, नाव आलं का?" मी तसाच बांधीकडे गेलो.

तेजराम फावड्याने चिखल उचलून धुऱ्यावर थापत होता. मला पाहून थांबला, पण फावडं हातातून खाली ठेवलं नाही. मी धुऱ्यावर उभा राहूनच सगळं सांगितलं. तो पाचांचा भाग आला तेव्हा माझा आवाज वर चढला होता. मला वाटतं मला जरा अभिमानच वाटत होता.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "तुले कोनं सांगतलं होतं पाच गोल बोलाले?"

मी म्हणालो, "अरे, तुझे होते ते."

"माये होते त मी लिवले नसते का? मले लिवता येत नाही का?" त्याचा आवाज चढला नव्हता, पण मी त्याला एवढा चिडलेला कधी पाहिला नव्हता, मैदानावरसुद्धा नाही. "ते पाच मी तुले देले. देलेली वस्तू मी वापस मांगत नाही. मी सहा लिवले होते. पास लिवले होते. त्यायनं तुले पासाचं विचारलं ना?"

"गंमत म्हणून विचारलं रे. हसून राहिले होते ते."

"हसून का होईना, विचारलं ना? पुरावा मांगला. पुरावा तू होता. तू त्यायच्या पुढं बसला होता, खुर्चीवर. हो म्हनायचं होतं फक्त. अन् तू काय सांगतलं? गोल सांगतले. त्यायच्यासारकाच तू."

 तोंडाशी एक वाक्य आलं की दहा गोलांचा नियम होता, पास सांगून काय झालं असतं. ते मी गिळलं. कारण सात गोल सांगून तरी काय होणार होतं? सातही दहापेक्षा कमीच. हे मला बैठकीत सुचलं नव्हतं, रस्त्यातही नाही. तिथे बांधीत उभं राहिल्यावर सुचलं. मी उभा राहून बोललो ते त्याच्यासाठी नव्हतंच. माझी छाती हलकी करायला होतं.

तेजरामने फावडं चिखलात रोवलं. "बरं, आता सांग. तिथं नाही सांगतलं त इथं सांग. सहातला एक सांग. कोनताही."

"फायनलचा दुसरा," मी लगेच म्हणालो. दोन साली गोंदियाविरुद्धचा. त्या गोलाने आम्ही जिंकलो होतो. तो तर मी झोपेतही सांगेन. "त्यांचा कीपर पुढे आला होता. मी त्याच्या डाव्या पायाकडून मारला, जमिनीलगत. फळीवर बसला. आपल्या अश्वजितने मला उचललं, माझा एक बूट निघाला..."

"अन् बॉल कुठून आलता?"

मी तोंड उघडलं. कीपर दिसत होता, त्याचे पॅड दिसत होते, पांढरी फळी दिसत होती. माझी स्टिक वर गेलेली दिसत होती. त्याच्या आधीचं काही दिसेना. बॉल माझ्यापुढे होता. तो तिथे नेहमीच असायचा.

"डावीकडून," मी अंदाजाने म्हणालो.

 तेजराम आणखी एखादा गोल विचारेल म्हणून मी वाट पाहत होतो, मनातल्या मनात बाकीचे पाच धुंडाळत होतो, आणि पाचांतही मला फक्त मीच सापडत होतो.

"त्यायले दोष नोको देऊ," तो म्हणाला. "त्यायनं त पाह्यलाच नव्हता खेळ."

त्याने फावडं उपसलं आणि चिखल उचलून धुऱ्यावर टाकायला लागला. मी उभा होतो तिथपर्यंत तो आला, तेव्हा मला बाजूला व्हावं लागलं.